आधी कोरडा हो, सिरमचं नंतर बघू

अरे,

तुझा मेसेज वाचला, परत वाचला. सिरम (ते चेहऱ्याला लावायचं पातळ द्रव) आधी की मॉइश्चरायझर आधी, दाढीचं तेल सकाळी लावायचं की रात्री, चारकोलवाला फेसवॉश बरा की नियासिनामाइडवाला, परफ्युम कुठला घेऊ, आणि हे सगळं झाल्यावर शेवटी जाता जाता लिहिलंयस की शेजारी बसणारा हल्ली खुर्ची जरा लांब सरकवतो असं वाटतं. अरे मग ते पहिल्या ओळीत लिहायचं ना! बाकीच्या प्रश्नांचं मूळ तिथे आहे आणि तू ते पार तळाला टाकलंस.

नीटनेटकं दिसावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही, हे तुला वेगळं सांगत बसत नाही. थेट मुद्द्यावर येतो. कोरडा राहा. रोज अंघोळ करतोस हे मान्य, पण अंघोळीनंतर कोरडा होतोस का? नाही होत. मला न बघता माहितीये तू काय करतोस ते, डोकं खसाखसा पुसतोस, पाठीवरून टॉवेल एकदा फिरवतोस आणि तशाच ओल्या अंगावर बनियन चढवतोस, मग ते पाठीला चिकटून गुंडाळत वर जातं आणि तू हात मागे घालून ओढत बसतोस. बरोबर ना?

आता वासाचं ऐक. घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच. काखेत आणि जांघेत ज्या खास ग्रंथी असतात त्या वयात येताना सुरू होतात, त्यांचा घाम जरा दाट, त्यात प्रथिनं आणि चरबी असते, आणि त्वचेवरचे जंतू त्याच्यावर ताव मारतात, त्यातून तो वास तयार होतो. म्हणून लहान पोरं दिवसभर धावून आली तरी मोठ्या माणसासारखी वास मारत नाहीत. या जंतूंना ऊब आणि ओल हवी असते. ऊब तर तू काढून घेऊ शकत नाहीस, ओल घेऊ शकतोस. मग डिओ मारून काय होणार, ओल आलेल्या भिंतीवर रंग मारण्यातला प्रकार तो.

तेव्हा अंग पुसायचा क्रम लक्षात ठेव. चेहरा, छाती, पाठ, मग काखा, हात पूर्ण वर करून, मग जांघा, आणि सगळ्यात शेवटी पाय, त्यातही बोटांच्या बेचक्या एकेक करून. करंगळीच्या शेजारची बेचकी तर कोणीच पुसत नाही आणि पायाचं फंगस बहुतेकदा तिथेच सुरू होतं, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी दिसते, मग खाज, मग भेगा. पाय शेवटी का, तर पायाचं फंगस टॉवेलबरोबर जांघेत जातं. ज्याच्या पायाला आधीच झालंय त्याने तर मोजे आधी घालावेत आणि अंडरवेअर नंतर. हसू नकोस, खरंच सांगतात असं, अंडरवेअर चढवताना पाय घासून ते वर जातं म्हणून. आणि शिश्नाची त्वचा हळूच मागे घेऊन नुसत्या पाण्याने धुवायची, साबण आत घासायचा नाही, कोरडं करायचं आणि त्वचा परत पुढे आणायची. हे तुला कोणी सांगितलेलं नसणार याची खात्री आहे.

कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही बरं का. तुझ्या वयात माझ्याबद्दल लोक आपसात बोलायचे, तोंडावर कोणी बोललं नाही. स्वतःचं नाक काही उपयोगाचं नसतं, सतत येणाऱ्या वासाला ते सरावतं आणि कळवायचं बंद करतं, त्यामुळे शर्ट हुंगून "चालेल अजून एक दिवस" ठरवणाऱ्यावर माझा विश्वास नाही. एखाद्याने बाजूला घेऊन नीट सांगितलं असतं तर किती वर्षं वाचली असती. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, लोकांना मी आगाऊ वाटतो, वाटू दे. घरात माझे दोन टॉवेल असतात, एक वापरात आणि एक वाळत, त्यावरून माझी भरपूर टिंगल होते. पण दारामागच्या खुंटीला बोळा करून लटकवलेला, कुबट वास येणारा टॉवेल स्वच्छ अंगाला फासणाऱ्यांनी मला हसू नये एवढंच माझं म्हणणं आहे. टॉवेल पसरून वाळत घाल. बुटांचंही तेच, रोज तेच बूट घालू नकोस, मध्ये एक दिवस जाऊ दे म्हणजे आतून नीट सुकतात. मोजे रोज धुतलेले. पॉलिस्टरचे टीशर्ट सुतीपेक्षा जास्त वास धरून ठेवतात, जिमचा तो टीशर्ट बॅगेत ओला कोंबून ठेवतोस ते आधी बंद कर.

डिओबद्दल एवढंच की डिओडोरंट आणि अँटिपर्स्पिरंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिओ जंतू थोडे कमी करतो आणि वास झाकतो, अँटिपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. ते रात्री झोपताना लावायचं, कारण तेव्हा घाम कमी येतो, आणि परत तेच, कोरड्या काखेला! ओल्या काखेला लावलंस तर वाया जाईल आणि चुरचुरेल ते वेगळं. एवढं करूनही घाम गळतच असेल, म्हणजे वही भिजते, शर्ट बदलावा लागतो, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा, त्याला उपचार आहेत.

आणि जांघेत गोल चकत्या उठल्या, कडा लाल, खाज, म्हणजे गजकर्ण, तर मित्राने दिलेली ट्यूब लावू नकोस. कुठलीही "सगळ्यावर चालणारी" मलमं लावू नकोस. त्यांच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, दोन दिवसांत खाज थांबते, तू खूश होतोस आणि फंगस आतल्या आत पसरत जातं, मग त्याचं रूपच असं बदलतं की डॉक्टरलाही ओळखायला अवघड. डॉक्टरने दिलेलं औषध जितके दिवस सांगितलंय तितके दिवस लाव, चकती दिसेनाशी झाली म्हणून सोडू नकोस. यात मी ऐकणार नाही.

दाढीत मात्र उलटं आहे, तिथे आधी भिजवायचं. अंघोळीनंतर लगेच कर, किंवा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस मऊ होऊ दे, मग ज्या दिशेने केस वाढतात त्या दिशेने, दाब न देता. तुझ्या मानेवर पुटकुळ्या येतात म्हणालास, त्या बहुधा उलट्या दिशेने खरवडल्यामुळे, कापलेला केस वळून परत कातडीत शिरतो. काही दिवस ट्रिमरवर भागव, बऱ्या होऊ दे. पाच-सात दाढ्यांनंतर ब्लेड बदल, झाल्यावर धुवून सुकव (बघ, आलंच परत), आणि रेझर कोणालाही देऊ नकोस, कोणाचा घेऊ नकोस, हिपॅटायटिस बी हा यकृताचा संसर्ग रक्ताच्या थेंबातूनही जातो.

दात दोन वेळा, दोन-दोन मिनिटं, फ्लोराइडवाली पेस्ट, जीभ साफ. पायाची नखं सरळ काप, कोपरे खोल गोल कापलेस तर नख मांसात शिरतं.

आता तुझं सिरम. पातळ आधी, घट्ट नंतर, दिवसा सगळ्यात वर सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. झालं, इतकंच आहे ते, यावर तासतासभराचे व्हिडिओ बघायची गरज नाही. मॉइश्चरायझर किंचित ओलसर चेहऱ्यावर लावतात. तू लगेच म्हणशील, काका इतका वेळ कोरडं कोरडं करत होते आणि आता हे काय. अरे चेहऱ्याला दिवसभर हवा लागते, जांघेला लागते का? उगाच मला पेचात पकडू नकोस. दाढीचं तेल दाढी वाढली तर बघू, सध्या तिथे तेल लावण्याइतकं काही आहे असं मला तरी दिसलं नाही.

चारकोल नको, साधा सौम्य फेसवॉश घे. परफ्युम तुला आवडेल तो घे पण महिनाभर थांबून घे, तोवर टॉवेल, मोजे आणि बूट एवढंच सांभाळ. आणि त्या शेजाऱ्याला एकदा सरळ विचार, वास येतो का म्हणून. कदाचित त्याला पंख्याची हवा हवी असेल.