नव्याने मंडळीत येणाऱ्या बंधूस

सोलापुरात नुकतेच मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती उपासकांच्या समुदायात, येऊ लागलेल्या बंधूंना माझा सल्ला असा की, शास्त्रवाचनाचा, म्हणजे बायबलवाचनाचा, आरंभ उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून न करता मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने सांगितलेल्या येशूच्या वृत्तांतापासून, करावा. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान असून त्याचे १६ अध्याय, रोज एक याप्रमाणे, कारखान्यातली पाळी संपवून दमून आलेल्या माणसालाही झेपतात. मात्र घरचे वाचन हा रविवारच्या उपासनेला पर्याय नव्हे. बायबलातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (२:४२) शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणे आणि प्रार्थना अशा चार गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यांतली सहभागिता तरी एकट्याने होणे शक्य नाही. उपदेश कधीकधी लांबतो, हे खरे; तरी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने सर्वांसोबत गाण्यासाठी अवश्य यावे. भावाशी अबोला असेल, तर प्रभुभोजनापूर्वी, म्हणजे उपासनेतील भाकर व द्राक्षारसाच्या विधीपूर्वी, आपणच त्याच्या घरी जावे.