गायक-वादकांनी निवडणुकीत एखाद्या उमेदवाराला उघड पाठिंबा द्यावा का?

खुशाल द्यावा. फक्त स्वतःच्या जिवावर द्यावा, मागे वाजवणाऱ्यांच्या नाही.

मी कीबोर्ड वाजवतो. काही वर्षांपूर्वी ऐन निवडणुकीत आमच्या गायिकेने भर कार्यक्रमात एका उमेदवाराचा प्रचार केला. दोन गाण्यांच्या मध्ये ती थोडं बोलते, तेव्हा मी डाव्या हाताने एक कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर) धरून ठेवतो. त्या दिवशीही धरली होती, आणि तिने थेट नाव घेतलं. हात उचलावा तर निषेध केल्यासारखं दिसणार, ठेवावा तर पाठिंबा. मी ठेवला. वर टाळ्या वाढल्या तसा पायाने पेडल दाबून आवाजही वाढवला. सवय, दुसरं काय! व्हिडिओ सगळीकडे फिरला. तिच्या प्रत्येक वाक्याखाली माझी कॉर्ड, जणू जाहिरातीसाठीच वाजवलेली.

ठरलेल्या तीन सुपाऱ्या गेल्या. तिला त्याच पक्षाकडून बोलावणी आली, ड्रमर आणि मी घरी. मी एवढंच म्हटलं, "आधी आम्हाला सांगायचं होतंस." तर म्हणे, "माझं मत मांडायला तुझी परवानगी घेऊ?" मत तुझंच होतं गं, पण कॉर्ड माझी होती.

टेलर स्विफ्टचं उदाहरण मला देऊ नका. तिने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले सिनेटचे उमेदवार फिल ब्रेडेसन यांना आणि २०२४ मध्ये अध्यक्षपदासाठी कमला हॅरिसना पाठिंबा दिला तो इन्स्टाग्रामवर, वादकांना मागे उभं करून नाही. (दोघंही पडले, हे वेगळं. पण हॅरिसवाल्या पोस्टसोबत स्टोरीत टाकलेल्या लिंकवरून २४ तासांत ४ लाखांवर लोक मतदार नोंदणीच्या सरकारी साइटवर गेले, तेव्हा अगदीच फुकट गेलं असंही नाही.) अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन २००४ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी यांच्यासाठी बँड घेऊन फिरला, पण त्या दौऱ्याचं नावच 'व्होट फॉर चेंज' (बदलासाठी मत द्या) होतं. तिकीट काढणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला, दोघांनाही आधीच ठाऊक. केरीही पडले म्हणा.

एकट्याने गिटार घेऊन गात असाल तर यातलं काही तुम्हाला लागू नाही, हवं ते बोला. बँड असेल तर कार्यक्रमाआधी साउंड चेकच्या वेळीच सांगा. ज्याला नको असेल तो तेवढा वेळ चहाला जाईल.

आणि हो, मी मत त्याच उमेदवाराला दिलं होतं. तिला हे अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.