'भारत एक खोज'मध्ये तेच ते नट वेगवेगळ्या भूमिकांत का दिसतात?

ओम पुरी आधी दुर्योधन, पुढे अल्लाउद्दीन खिलजी आणि नंतर औरंगजेब, हे पैसे वाचवायला केलं की नट मिळाले नाहीत म्हणून, असं तुम्ही विचारलंय. खर्चाचा विचार असणारच, पण माझ्या मते खरं कारण मालिकेच्या बांधणीत आहे.

नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या पुस्तकावर आधारलेल्या, १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या या मालिकेचे ५३ भाग होते आणि त्यात सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा काळ होता. प्रत्येक काळाला एक किंवा दोन-तीन भाग, मग पात्रं संपली. शिवाजी महाराजांनाही दोनच भाग मिळाले आणि ती भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. एवढ्या थोड्या कामासाठी दरवेळी नवा नट शोधायचा, त्याची मापं घ्यायची, त्याच्याकडून भाषा घोटून घ्यायची, यात तयारीचाच वेळ संपतो. दिग्दर्शक श्याम बेनेगलांकडे 'अंकुर', 'निशांत' या त्यांच्या चित्रपटांपासून जमलेली, रंगभूमीवर घडलेली मंडळी होती. संस्कृतप्रचुर हिंदी आणि दरबारी उर्दू दोन्ही पेलतील असे नट फार नसतात. सलीम घौस यांनी याच मालिकेत राम, कृष्ण आणि टिपू सुलतान अशा तिन्ही भूमिका केल्या. तिन्ही ठिकाणी बोलण्याची लय किती वेगळी आहे, ते मुद्दाम ऐका.

मग प्रेक्षक गोंधळत का नाही? कारण एक चेहरा पक्का ठेवलाय. रोशन सेठ फक्त नेहरू आहेत, म्हणजे गोष्ट सांगणारे सूत्रधार. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातही नेहरू त्यांनीच केले होते, त्यामुळे ओळख आधीच तयार होती. सूत्रधार स्थिर असला की बाकीचे मुखवटे बदललेले चालतात. आपल्या लोकनाट्याच्या प्रेक्षकाला हे नवं नाही. निवेदनाचा आवाजही ओम पुरींचाच आहे. माझ्या दृष्टीने ही या मालिकेतली सर्वांत धीट निवड.

अशा कामात खरी कसोटी रंगभूषेची. दाढी बदलली की माणूस बदलतो, पण दाढीच आधी दगा देते. जाळीवर विणलेली दाढी स्पिरिट गमने, म्हणजे रंगभूषेच्या खास डिंकाने चिकटवतात. दिव्यांच्या उष्णतेत घाम आला की ओठांच्या कडेची जाळी सुटते, कारण बोलताना सर्वांत जास्त हालचाल तिथेच होते. म्हणून आधी त्वचेवरचं तेल पुसून घेतात, गम थोडा सुकून चिकट झाल्यावरच जाळी दाबतात आणि जेवणानंतर कडा पुन्हा तपासतात. हे राहिलं तर क्लोजअपमध्ये जाळीची रेघ दिसते. दृश्य तुकड्यातुकड्यांत चित्रित होत असल्याने फेटा, टिळा, दागिने यांचे कंटिन्युइटीसाठी, म्हणजे सगळं शॉटगणिक सारखं राहावं म्हणून, फोटो ठेवावे लागतात. एका शॉटमध्ये कट्यार डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे, ही चूक अशीच होते.

गर्दीचंही तंत्र आहे. त्या काळचा टीव्ही ४:३ चौकटीचा, म्हणजे आजच्यापेक्षा कमी रुंद, आणि लहान. कॅमेरा खाली ठेवून पुढे भाले-ढाली आणि मागे धूळ असली की थोडे सैनिकही फौज वाटतात. तीच तुकडी कॅमेऱ्यामागून फिरून पुन्हा चौकटीत येते. फक्त ठळक रंगाचा फेटा पुढच्या रांगेत ठेवायचा नाही, तो लगेच ओळखू येतो.

आजच्या मालिकांत हे का होत नाही, तर त्या रोज चालतात आणि नायकाचा चेहरा म्हणजेच मालिका असते. एकाच मालिकेत तो दुसऱ्या भूमिकेत आला तर खटकेल. वेगळ्या मालिकेत मात्र चालतं: २००८ च्या 'राजा शिवछत्रपती'त अमोल कोल्हे शिवाजी महाराज होते आणि २०१७ च्या 'स्वराज्यरक्षक संभाजी'त संभाजी महाराज. तिथे शिवाजी महाराजांच्या भूमिकेत शंतनू मोघे होते.

पुन्हा पाहणार असाल तर औरंगजेबाचे भाग पाहून लगेच दुर्योधनाचे पाहा. ओम पुरी मान आणि खांदे किती वेगळे धरतात, ते लागोपाठ पाहिल्यावरच कळतं.