दिवाळी इथे की तिथे? ग्रीन कार्डवाल्या नर्सचा प्रश्न

प्रश्न : ताई, मी टेक्सासमध्ये नर्स आहे, हॉस्पिटलच्या स्पॉन्सरशिपवर 2022 च्या एप्रिलमध्ये ग्रीन कार्ड मिळालं. बाबांची बायपास झाली म्हणून मे महिन्यात नाशिकला आले ते अजून इथेच आहे, पाच महिने होत आले. आई म्हणते ऑक्टोबर छाटणी उरकू दे, दिवाळी कर आणि मग निवांत जा. सोबतची मैत्रीण म्हणते नर्सेसना सिटीझनशिप लवकर मिळते, खरं का? आणि काका म्हणतात सिटीझन झालीस की शेतीवरचा हक्क गेला, म्हणून बाबा त्याआधीच निफाडच्या बागेतला एक एकर बक्षीसपत्रानं माझ्या नावावर करायचं म्हणतायत.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : अगं, आधी तिकीट बघ, बाकीचं नंतर वाच. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलीस तर सिटीझनशिपसाठी लागणारा तुझा अमेरिकेतला सलग वास्तव्याचा काळ तुटला असं तिथले इमिग्रेशनवाले धरून चालतात, आणि तो तुटला नाही हे सिद्ध करायचं काम तुझ्या गळ्यात येतं. नोकरी चालू होती, रजा मंजूर होती, घरभाडं भरत होते, टॅक्स भरला, असे सगळे कागद दाखवायचे, आणि तरी ऑफिसरला पटलं नाही तर सिटीझनशिपच्या अर्जासाठी परतल्यापासून साधारण साडेचार वर्षं थांबायची पाळी येऊ शकते. एक दिवाळी आईबरोबर करायची म्हणून एवढं? वर्षभर राहिलीस तर मग पुरावे देऊनही उपयोग नाही, काळ तुटलाच. आणि आठवडाभर तिकडे तोंड दाखवून परत यायचं ही आयडिया करू नकोस, सगळ्या ट्रिपा फॉर्मवर लिहाव्या लागतात आणि त्यांना पॅटर्न दिसतो.

मैत्रिणीचं चुकलं. तिकडे नर्सेसची टंचाई आहे, पण तिचा फायदा ग्रीन कार्डपर्यंतच, सिटीझनशिपच्या रांगेत नर्स असो की किराणा दुकानदार, सगळे सारखे. पाच वर्षं ग्रीन कार्ड पाहिजे, सिटीझन नवऱ्याबरोबर राहत असशील तर तीन, आणि त्या पाच वर्षांत एकूण 30 महिने प्रत्यक्ष तिथे. जायचा आणि यायचा दिवस तिथलाच मोजतात बरं का. पासपोर्टवरचे शिक्के काढून एकदा वहीत सगळ्या तारखा उतरवून ठेव, नाइट शिफ्ट करून आल्यावर फॉर्म भरताना 2023 ची ट्रिप कुठली हे कुणाला आठवतं?

पाच वर्षं भरायच्या 90 दिवस आधी, म्हणजे तुझ्या बाबतीत 2027 च्या जानेवारीतच, एन-400, म्हणजे सिटीझनशिपच्या अर्जाचा फॉर्म टाकता येतो. ऑनलाइन फी 710 डॉलर, कागदावर 760. मग बोटांचे ठसे आणि इंटरव्ह्यू, त्यात इंग्रजी बोलणं-वाचणं-लिहिणं बघतात, तुला ते रोजचंच आहे. नवीन नागरिकशास्त्राच्या परीक्षेत 128 प्रश्नांपैकी 20 विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात. एनक्लेक्स, म्हणजे तिकडची नर्सिंग लायसन्सची परीक्षा, पास झालेल्या बाईला याची भीती नको.

आता शेती. इथे काका आणि बाबा दोघंही अर्धवट ऐकून बोलतायत, माफ करा काका. शेतजमीन विकत घ्यायची किंवा बक्षीस घ्यायची बंदी तुला सिटीझन झाल्यावर लागणार नाहीये, ती एनआरआय म्हणून आत्ताच लागू आहे. म्हणजे बाबांनी घाईनं बक्षीसपत्र केलं तर उद्या तेच अडचणीचं होईल, तेव्हा बाबांना सांगा थांबा. वारसानं आलेली शेती मात्र घेता येते, अगदी अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलं तरी, सातबाऱ्यावर वारस नोंद होते. मृत्युपत्र करायचं तर नाशिकमधल्याच चांगल्या वकिलाकडून करून घ्या, शेजाऱ्याच्या फॉरमॅटवर नको.

एक गोष्ट बऱ्याच जणी विसरतात. शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व तिथेच संपतं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे जुना भारतीय पासपोर्ट वापरायचा नाही, तो सरेंडर करायचा. ग्रीन कार्ड समारंभात काढून घेतात, अमेरिकन पासपोर्ट यायला वेळ लागतो, त्यानंतर ओसीआयचा अर्ज. म्हणजे मधले काही आठवडे तुझ्याकडे प्रवासाला लागणारं काहीच नसतं. शपथेची तारीख आली की आईला आधीच सांग, त्या महिन्यात येणं होणार नाही म्हणून.