पॅकेज बघून पुरस्कार द्यायचा का? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या कमिटीवर मी आहे. यंदापासून माजी विद्यार्थ्यांना पुरस्कार द्यायचं ठरलंय. आतापर्यंत आलेली नावं म्हणजे दोघं अमेरिकेत मोठ्या कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, एक आयएएस, आणि एक बिल्डर जे नवीन हॉलला देणगी देणारेत. मी आमच्या बॅचच्या एका मैत्रिणीचं नाव दिलं, ती वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मुलींच्या शिक्षणाचं काम कितीतरी वर्षं करतेय. त्यावर एकजण म्हणाले, "चांगलंच आहे हो, पण त्यांची अचीव्हमेंट काय?" मला तिथे पटकन काही बोलता आलं नाही. काय सांगायला हवं होतं?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : पुढच्या मीटिंगला जायच्या आधी मैत्रिणीला एक फोन करा आणि नीट बसून विचारा, तू गेलीस तेव्हा सातवीनंतर किती मुली शाळेत जात होत्या आणि आता किती जातात, त्यातल्या किती बारावीपर्यंत पोचल्या, कोण नर्सिंगला गेली, कोण तिथेच परत शिकवायला आली, पावसाळ्यात रस्ता बंद झाला की काय करता, पैसे कुठून येतात. हे सगळं एका पानावर लिहा आणि ते पान मीटिंगमध्ये वाचून दाखवा. अचीव्हमेंट काय याचं उत्तर तेच आहे.

व्हाइस प्रेसिडेंट, आयएएस ही तयार लेबलं असतात ना, नाव उच्चारलं की कमिटीला सगळं कळल्यासारखं वाटतं, कोणाला काही शोधावं लागत नाही. डोंगरातल्या कामाला लेबल नसतं, कोणीतरी जाऊन बघून यावं लागतं, आणि नेमकं तेच आपण करत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पुरस्कार देणाऱ्या कमिटीनं आलेल्या नावांवर शिक्के मारत बसू नये, नावं शोधायला बाहेर पडावं. जी माणसं कामात बुडालेली असतात ती स्वतःचा बायोडेटा कधीच पाठवत नाहीत.

आता करिअरवाल्यांना डावला असं मी अजिबात म्हणत नाहीये. कोणी मेहनतीनं मोठ्या पदावर गेलं असेल, चांगलं संशोधन केलं असेल, शंभर लोकांना रोजगार दिला असेल तर कॉलेजला अभिमान वाटलाच पाहिजे. पण करिअर आणि सेवा या दोन गोष्टी एकाच तराजूत घातल्या की सेवा दरवेळी हरते. त्यापेक्षा सुरुवातीलाच दोन वेगळे पुरस्कार ठेवा आणि दोन्हींचा मान, मानचिन्ह, स्टेजवरचा वेळ अगदी सारखा ठेवा. वेगवेगळे पुरस्कार ठेवणं नवीन नाही, आयआयटी मुंबई कामगिरीसाठी आणि संस्थेच्या सेवेसाठी असे दोन निराळे सन्मान देते. तुम्ही सेवेचा अर्थ संस्थेपुरता न ठेवता समाजाची सेवा असा मोठा घ्या, पुण्यातल्या कॉलेजला ते जास्त शोभेल.

शोभेल म्हणते कारण आपल्या शहरातल्या कॉलेजांचा इतिहासच तसा आहे. आगरकर डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, त्या काळात एम.ए. झालेल्या माणसाला सरकारी नोकरी चालून यायची, आणि त्यांनी आईला पत्र लिहून कळवलं की मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस, पोटापुरत्या पैशावर राहून बाकी वेळ लोकांच्या कामाला देणार आहे. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं करण्यात ते होते, १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये गेले, चाळिशीसुद्धा गाठली नाही. तुमच्या कमिटीच्या सध्याच्या निकषांवर आगरकर बसतात का, हे मीटिंगमध्ये खरंच विचारून बघा. दुसरीकडे विश्वेश्वरय्या, पुण्यातूनच इंजिनिअर झालेले, आजचं सीओईपी ते त्यांचं कॉलेज. १९०३ मध्ये खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं. त्यांचं करिअर कुठे संपतं आणि सेवा कुठे सुरू होते हे सांगताच येत नाही. असं दोन्हीकडे बसणारं नाव आलं तर भांडत बसू नका, कमिटीनं दोन्हींपैकी एका पुरस्कारासाठी घ्यावं आणि पुढे जावं.

निवडीबद्दल थोडं. नाव सुचवायचा फॉर्म सगळ्यांना खुला ठेवा, माजी विद्यार्थी, शिक्षक, ऑफिसमधले जुने क्लार्क, शिपाई मामा सुद्धा, त्यांना जितकी मुलं आठवतात तितकी कोणाला आठवत नाहीत. फॉर्ममध्ये पद आणि पगार विचारूच नका, काय काम केलं, कोणाला त्याचा फायदा झाला, आणि याबद्दल कोणाशी बोलता येईल एवढं विचारा. मग त्या लोकांना खरंच फोन करा. कमिटीत पाचसहा जण पुरे, त्यात एक अगदी तरुण माजी विद्यार्थी आणि एक कॉलेजबाहेरचा माणूस हवाच, आणि कमिटीवर जे असतील त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या वर्षी पुरस्कार नाही हा नियम लेखी करून टाका, नंतर वाईटपणा येत नाही.

बिल्डर साहेबांचं काय करायचं, तर देणगीबद्दल त्यांचे जाहीर आभार माना, हॉलला नाव द्यायचं असेल तर द्या, पण पुरस्काराच्या यादीत देणगीमुळे घेऊ नका. त्यांनी बांधकामात खरंच काही वेगळं केलं असेल, कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली असतील, तर त्या कामाचं नाव घेऊन द्या. एकदा पैशाचा आणि पुरस्काराचा संबंध लागला की तुमच्या मैत्रिणीला मिळालेल्या मानचिन्हाची किंमतही लोकांच्या नजरेत कमी होते, तिची काही चूक नसताना.

आणि संख्या आवरा. तीन किंवा चार पुरस्कार, बास. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग बघतात, त्यामुळे बरीच कॉलेजं नॅकचं मूल्यांकन व्हायच्या आधी घाईघाईनं मेळावा घेतात, स्टेजवर पंचवीस जणांना शाल, श्रीफळ, फोटो, झालं. त्या पंचवीसपैकी एकानंही नेमकं काय केलं हे समोर बसलेल्या एफवायच्या मुलांना कळत नाही. त्यापेक्षा असं करा की प्रत्येक पुरस्कारासाठी आत्ता शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांना त्या व्यक्तीकडे पाठवा, वेल्ह्याला एसटीनं जाऊ दे त्यांना, एक दिवस राहू दे, आणि मानपत्र त्यांनीच लिहावं आणि त्यांनीच वाचावं. 'समाजासाठी अमूल्य योगदान' असली वाक्यं त्यात नकोत, गावाचं नाव, शाळेचं नाव, मुलींचा आकडा हवा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांत संपवा आणि पुरस्कार मिळालेल्यांना बोलायला भरपूर वेळ द्या, लोक त्यांच्यासाठी आलेले असतात.

एक राहिलं. नाव जाहीर करण्याआधी मैत्रिणीला विचारा. काहींना स्टेज नको असतं, काहींना वाटतं सगळ्या टीमला बोलवा नाहीतर मीही येत नाही. तसं म्हणाली तर टीमला बोलवा.

प्रश्न : एका संस्थेचा फोन आला, "उत्कृष्ट माजी विद्यार्थी म्हणून तुमची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे," आणि मग म्हणे रजिस्ट्रेशन आणि ट्रॉफीचे काही हजार भरा. आई-बाबा खूश आहेत, म्हणतायत भर पैसे. भरू का?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर : नका भरू. ज्याचा गौरव करायचा त्याच्याकडूनच ट्रॉफीचे पैसे घेणं हा धंदा आहे आणि असे कार्यक्रम हल्ली खूप होतात. फोन करणाऱ्याला विचारा, माझं नाव कोणी सुचवलं, निवड समितीत कोण होतं, माझं कुठलं काम बघितलंत. उत्तरं मिळाली नाहीत की विषय संपला. आई-बाबांना हीच तीन उत्तरं मिळाली नाहीत असं सांगा, त्यांनाही पटेल. त्यांना तुमचं कौतुक झालेलं बघायचंय, यात चूक काहीच नाही, तर एखाद्या रविवारी त्यांना तुमच्या ऑफिसात, प्रोजेक्टवर, जिथे काम करता तिथे घेऊन जा, सहकाऱ्यांशी गाठ घालून द्या.

प्रश्न : माझ्या आईनं १९७४ मध्ये पुण्यातून बीएस्सी केलं, नंतर पस्तीस वर्षं रात्रशाळेत गणित शिकवलं. तिच्या कॉलेजच्या मेळाव्याचं आमंत्रण तिला कधीच आलं नाही. चौकशी केली तर म्हणाले असं नावच रेकॉर्डवर नाही.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाव आहे, पण माहेरचं आहे! ही गोष्ट मला फार लागते, कारण या एका कारणामुळे त्या पिढीतल्या कितीतरी बायका माजी विद्यार्थ्यांच्या यादीतून गायब आहेत. लग्नानंतर नाव बदललं, पत्ता बदलला, कॉलेजचं रजिस्टर तसंच राहिलं. मग यादीत पुरुष जास्त दिसतात, पुरस्कारांमध्येही तेच जास्त दिसतात, आणि लोकांना वाटतं बायकांनी काही केलंच नाही. माजी विद्यार्थी संघांनी याकडे मुद्दाम लक्ष द्यायला पाहिजे, नोंदणीच्या फॉर्ममध्ये 'कॉलेजात असतानाचं नाव' असा रकाना हवा आणि तो पहिला हवा, आणि प्रत्येक बॅचमधल्या दोघीतिघींना धरून बाकीच्या मैत्रिणी शोधायला लावायच्या, त्यांचे आपसात ग्रुप असतातच.

तुम्ही आत्ता काय करायचं, तर आईचं माहेरचं पूर्ण नाव, डिग्रीचं वर्ष, विषय आणि मार्कशीटची झेरॉक्स कॉलेजच्या ऑफिसात आणि संघाला द्या आणि पोच घ्या. सोबत आईच्या रात्रशाळेबद्दल एक पान लिहून जोडा. दिवसभर दुकानात, वर्कशॉपमध्ये राबून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या पोरांना पस्तीस वर्षं गणित शिकवणं, त्यातले कितीतरी जण त्या जोरावर दहावी पास होऊन पुढे गेले असणार. त्यांच्यातले दोघंतिघं सापडतायत का बघा आणि त्यांच्या सहीचं पत्र मिळवा. पहिल्या प्रश्नातल्यासारखी कमिटी त्या कॉलेजात असेल तर तिला लागणारं सगळं तुमच्याकडे तयार असेल, आणि नसेल तर ते पत्र आधी आईला वाचून दाखवा, कॉलेजकडे पाठपुरावा नंतरही करता येईल.