लक्ष्मणफळाने बरी झाली, की ऑपरेशनने?

प्रश्न : आईच्या स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता केमो सांगितली आहे. चाळीतल्या काकूंच्या जावेने केमो नाकारून लक्ष्मणफळाचा रस आणि गुळवेलीचा काढा घेतला. सहा वर्षं ती ठणठणीत आहे. आईही आता केमो नको म्हणते.
– एक वाचक, लालबाग

उत्तर : काकू खोटं बोलत नसतील. पण जावेचं ऑपरेशन झालं होतं का, ते विचारा. आजार लवकर सापडला तर गाठ ऑपरेशननेच निघते. त्यानंतरची केमो असते ती स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या, मागे उरल्या असतील अशा पेशींसाठी, आजार उलटू नये म्हणून. ती न घेताही काही जणी बऱ्या राहतात आणि श्रेय रसाला जातं. दुसरं, ती टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी घेत होती का? हार्मोनचा परिणाम रोखणारी ही गोळी पाच-पाच वर्षं चालते, पण ‘औषध’ म्हणून घरात कुणी ती मोजत नाही.

मग फाइल बघायला मागा. बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट, आधीचे-नंतरचे स्कॅन, तारखा. बायोप्सीच नसेल तर ती गाठ कॅन्सरची होती हे कशावरून? शिवाय रस पिऊनही जे गेले, त्यांचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत नाहीत.

अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फक्त पर्यायी उपचार घेणारे २८१ रुग्ण होते. त्यांतल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून जास्त निघाला. अर्थात त्यांनी ऑपरेशनही टाळलं होतं, म्हणून हा आकडा आईला जसाच्या तसा लावू नका.

काढ्याची काळजी मात्र जास्त वाटते. गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये केली. डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं यकृतातूनच निचरतात. रक्तातलं बिलीरुबिन (काविळीत वाढतं ते) वाढलं की डोस कमी करावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. काढा सुरू झालाच असेल तर लपवू नका. बाटली, पुडी, जे असेल ते ओपीडीत दाखवा आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. भाजीतल्या हळदीला कुणाची हरकत नाही. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आईशी वाद घालण्याऐवजी तिलाच डॉक्टरांसमोर बसवा. ईआर, पीआर, हर-टू (गाठ हार्मोनवर किंवा हर-टू या प्रथिनावर वाढते का, ते सांगणाऱ्या तपासण्या) आणि काखेतल्या गाठींचा रिपोर्ट पुढे ठेवून विचारा : केमो घेतली तर शंभरातल्या किती जणींचा आजार उलटायचा वाचतो, न घेतली तर काय? काही जणींना केमोची खरोखर गरज नसते, आणि ते याच कागदांवरून ठरतं.