चर्चगेटच्या पुढे खरंच कुलाबा नावाचं स्टेशन होतं का? का बंद झालं? आता तिथे काय दिसतं?

होतं. पटत नसेल तर आमच्या थोरल्या काकांकडे जा, तुमचं छान जमेल.

माझी आजी गिरगावातली. तिचे वडील कुलाबा स्टेशनात बुकिंग क्लार्क. शाळेला सुट्टी असली की ही त्यांचा डबा घेऊन चर्नी रोडहून लोकलने कुलाब्याला. उजवीकडे भरावाची माती, पलीकडे समुद्र. खिडकीचे गज खाऱ्या वाऱ्याने चिकट व्हायचे, आणि परकराला हात पुसले म्हणून घरी बोलणी बसायची. १९९० च्या गणपतीत मोदक वळता वळता तिने हे सांगितलं, तर काका सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, कुलाबा म्हणजे अलिबाग. तिथे कुठली आलीय रेल्वे? बोटीने गेली असशील." सगळे हसले, मीसुद्धा. अलिबाग ज्यात येतं त्या कुलाबा जिल्ह्याचा रायगड होऊन दहा वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे घोटाळा समजू शकतो. पण आजीने हातातली पारी तशीच ताटात ठेवली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

ती गेल्यावर मला मुंबईचा एक जुना नकाशा मिळाला. रूळ चर्चगेट ओलांडून सरळ खाली गेलेले. काकांना दाखवला. म्हणाले, "नकाशे काय, कोणीही काढतं."

बंद का झालं? जागेपायी. बाकीची कारणं शोभेची. बॅकबेचा, म्हणजे रुळांपलीकडच्या त्या समुद्राचा, भराव सुरू झाल्यावर बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची (आजची पश्चिम रेल्वे) ती पट्टी सोन्याच्या भावाची झाली आणि सरकारने चर्चगेटपुढची लाइन काढायला लावली. लांबच्या गाड्या डिसेंबर १९३० मध्ये उघडलेल्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटवर थांबल्या, आणि ३१ डिसेंबरला कुलाब्याला कुलूप. पक्की इमारत १८९६ ची. विजेची लोकल जानेवारी १९२८ मध्ये कुलाब्यापासूनच सुरू झालेली, म्हणजे तारा टाकून तीन वर्षंही झाली नव्हती!

आता तिथे बधवार पार्क आहे, रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत. स्टेशन शोधत जाल तर निराश व्हाल.

एक मात्र कबूल करायला हवं. आजी म्हणायची, गाडी पार कुलाब्याच्या टोकाच्या दांडीपर्यंत जायची. तसं नव्हतं, स्टेशन बरंच अलीकडे होतं. काका आता तेवढंच धरून बसलेत. पण तेव्हा ते गाडीच नव्हती म्हणाले होते, हे मी विसरलेलो नाही.